परसातली आगगाडी आणि राहून गेलेले गटार : एका कौटुंबिक प्रकल्पाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेत, मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मोजमापे, खर्च आणि कामाचा क्रम मात्र कुटुंबाने ठेवलेल्या वहीतून घेतला आहे. मी स्वतः अनेक वर्षे बागेतली छोटी रेल्वे चालवत असल्यामुळे या कुटुंबाने माझा सल्ला दोनदा घेतला होता. त्यांतला एक सल्ला चुकीचा ठरला आणि त्याची नोंद पुढे येईलच.

घरात आई, वडील, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा असे चौघे राहतात. २०१६ च्या नाताळात वडिलांनी झाडाभोवती फिरणारा गाडीचा एक संच आणला. हा संच ४५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेला, होता. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने या गेजच्या घराबाहेर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या आणि तेव्हापासून बागेतल्या रेल्वेसाठी हेच माप रूढ झाले आहे. ऊन-पाऊस सोसू शकणारी गाडी जानेवारीत खोक्यात परत का ठेवायची, हा मुलाचा प्रश्न होता आणि प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली.

एप्रिल २०१७ च्या अखेरीस वडिलांचे आई-वडील सोलापूर जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आले. आजोबा मध्य रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रेल्वेमार्ग निरीक्षक, म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी कुर्डुवाडीला, बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज मार्गावर काढली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेला हा अडीच फुटी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, या एका नियमावर कॅलथ्रॉपने त्याची सारी रचना बेतली होती. पुढे हाच मार्ग पंढरपूरला आणि लातूरला पोहोचला. आता तिथे ब्रॉडगेज आहे. ‘माझी लाइन उखडली, तेव्हा मी बघायला गेलो नाही,’ असे आजोबांनी नातीला सांगितले होते, ते तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. परसातल्या गाडीच्या स्टेशनाचे नाव कुर्डुवाडी असणार, हे त्याच दिवशी ठरले.

अडचण

घराच्या मागच्या अंगणाला चांगलाच उतार होता. रेल्वेसाठी निवडलेली जागा ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद होती, आणि या साडेपाच मीटरांत जमीन कुंपणाकडून घराकडे ४४ सेंटिमीटर उतरत होती, म्हणजे ८ टक्के उतार. बागेतल्या गाड्यांना २ टक्क्यांपर्यंतचा चढ मानवतो. ४ टक्क्यांवर इंजिन दोन-तीन डब्यांपलीकडे काही ओढत नाही आणि वळणावर चढ आला तर त्याचीही खात्री देता येत नाही.

दुसरी अडचण मातीची होती. या भागात तांबूस चिकणमाती आहे. तिच्यातून पाणी सहजासहजी निचरत नाही. हिवाळ्यात जमीन गोठते आणि बांधकामाचा पाया घालताना इथे सुमारे तीन फूट खोल जावे लागते, ते गोठणीच्या थराखाली जाण्यासाठीच. सोलापूरकडच्या जमिनीवर आयुष्य काढलेल्या आजोबांना काळ्या मातीचे फुगणे आणि आकसणे पाठ होते, पण बर्फाने जमीन वर उचलली जाते, हे त्यांना नवीन होते.

तिसरी अडचण वेळेची, आणि माझ्या मते तीच सर्वांत निर्णायक ठरली. आजी-आजोबांचे परतीचे तिकीट ऑक्टोबरच्या मध्याचे होते. त्याआधी, कोजागिरीच्या रात्री, गाडी चालली पाहिजे असे सर्वांनी मनाशी धरले. ही तारीख कोणी चर्चा करून ठरवली नव्हती. ती घरात आपोआप रुजली आणि मग प्रत्येक निर्णय तिच्या मापाने घेतला जाऊ लागला.

विचारात घेतलेले पर्याय

चढाबाबत तीन पर्याय समोर होते. पहिला, जमिनीच्या उताराबरोबर मार्ग वर-खाली जाऊ देणे. ३१ मीटरच्या वर्तुळाच्या ज्या निम्म्या भागात चढायचे त्यात स्टेशनासाठी चार मीटर सपाट जागा सोडली, तर उरलेल्या अंतरात ४४ सेंटिमीटर चढायला सुमारे ३.८ टक्के चढ लागत होता. माथेरानच्या गाडीला वीसास एक, म्हणजे ५ टक्के चढ चालतो, मग आपल्याला का नको, असे मुलीने विचारले. माथेरानचा तो मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथली इंजिने त्या घाटासाठीच मुद्दाम बनवलेली होती, गाडीही आखूड आणि वेगही बेताचा, असे आजोबांनी समजावले आणि हा पर्याय बाजूला पडला.

दुसरा पर्याय लाकडी खांबांवर सगळा मार्ग कमरेएवढ्या उंचीवर नेण्याचा होता. देखभालीला तो सर्वांत सोयीचा, कारण वाकावे लागत नाही आणि पाणी खालून निघून जाते. पण आजीला बाग जमिनीवरच हवी होती, सात वर्षांच्या मुलाला गाडी डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच झाली असती, आणि वसाहतीच्या रहिवासी संघाची उंचीवर मर्यादा होती.

तिसरा पर्याय निम्मी खोदाई आणि निम्मा भराव हा होता. वरच्या बाजूला २२ सेंटिमीटर खोल कटिंग, म्हणजे मार्गासाठी जमीन कापून केलेली खाच, आणि खालच्या बाजूला तेवढ्याच उंचीचा, कोरड्या रचलेल्या ठोकळ्यांच्या दोन थरांनी अडवलेला भराव केला की मार्ग पूर्ण सपाट होत होता, शिवाय खोदलेली माती तिथल्या तिथे जिरत होती. हा पर्याय सर्वांना पटला. आजोबांनी मात्र तेव्हाच एक अट घातली. कटिंगच्या वरच्या कडेला, रूळ टाकण्याआधी, गटार झाले पाहिजे. उतारावरून येणारे पाणी कटिंगमध्ये उतरणार आणि तिथून त्याला जायला वाट नसेल, तर ते मार्गाखालीच मुरणार, हे त्यांचे साधे म्हणणे होते.

विजेबाबतचा निर्णय मात्र घाईने झाला. रुळांतून वीज द्यावी की इंजिनात बॅटरी ठेवून रेडिओने चालवावे, असे दोन मार्ग होते. संच रुळांतून वीज घेणारा होता, नवीन काही विकत घ्यावे लागत नव्हते. त्यात वडिलांनी मुलांना जवळच्या मेन्लो पार्कची गोष्ट सांगितली होती. एडिसनने १८८० मध्ये तिथे आपल्या प्रयोगशाळेजवळ विजेवर चालणारी रेल्वे बांधली आणि तिला वीज दिली ती रुळांतूनच. मुलांना ती गोष्ट इतकी आवडली की दुसऱ्या पर्यायाची चर्चाच झाली नाही.

केलेली कामे

खोदण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वाहिन्यांची आखणी करून घेतली. खालच्या कोपऱ्यातून संपर्काची तार गेल्याचे नारिंगी झेंड्यांवरून कळले आणि सगळे वर्तुळ ६० सेंटिमीटर सरकवावे लागले. रहिवासी संघाच्या परवानगीला पाच आठवडे लागले आणि खोदाई जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

कामाची वाटणी आजोबांनी लावली. मुलगी मोजमाप आणि वही सांभाळणार, मुलगा खडी वाहणार, वडील खोदणार, आई रुळांचे जोड कसणार आणि लागवड आजीकडे. संचातली वळणे ६० सेंटिमीटर त्रिज्येची होती. ती बाजूला ठेवून १.२ मीटर त्रिज्येची वळणे घेतली, कारण लांब डबे लहान वळणावर बाहेर लटकल्यासारखे दिसतात आणि चाकेही घासतात. बहुतेक रूळ जुन्या पितळी मालातून, फुटाला पाच डॉलरप्रमाणे मिळाले. बारीक-जाड मिसळलेली, धारदार कडांची दगडी कच मार्गाखाली अंथरली, कारण नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत आणि गाडीच्या हादऱ्याने सरकत राहतात. स्लीपरमधली, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमधली, वरची खडी म्हणून कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारे ग्रॅनाइटचे बारीक खडे वापरले. मुलाला ही गोष्ट आजही सर्वांना सांगायची असते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटले ते पॅकिंगचे, म्हणजे स्लीपरखाली खडी घट्ट भरण्याचे, काम. स्लीपरखाली पोकळी राहिली आहे का हे पाहायला आजोबांच्या नोकरीत लाकडी गोळा लावलेली काठी वापरत. स्लीपरवर ती आपटली की आवाजावरून कळते. इथे त्यांनी आजीचे लाटणे घेतले. गुडघ्याखाली घडी केलेले पोते टाकून ते एकेक स्लीपर लाटण्याच्या टोकाने ठोकत पुढे सरकत. भरीव असला की कोरडा, आखूड आवाज येई. पोकळ असला की आवाज थोडा लांबे. पोकळ स्लीपरपाशी नात खडूने खूण करी आणि नातू स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खडी आत सारी. ३१ मीटरला त्यांनी चार संध्याकाळी दिल्या. दुसऱ्या संध्याकाळपासून मुलगी डोळे मिटून आवाज ओळखू लागली होती.

भरावाची बाजूही त्यांनी अशीच करून घेतली. माती एकदम न ओतता सात-आठ सेंटिमीटरचे थर टाकायचे, प्रत्येक थर हलका ओला करून धुमसाने ठोकायचा आणि मगच पुढचा थर. उष्णतेने रूळ वाढणार म्हणून जोडांत फटी ठेवल्या. पितळी रूळ कडाक्याच्या थंडीपासून उन्हाळ्यातल्या तापलेल्या दुपारपर्यंत ६० अंशांचा फरक सोसतात असे धरले, तर ३१ मीटरला सुमारे ३५ मिलिमीटर वाढ होते, हे गणित मुलीने आजोबांबरोबर बसून केले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गटार आणि रूळ सोडून बाकी सगळे झाले होते. गटाराला तीन शनिवार-रविवार लागणार होते आणि कोजागिरीपर्यंत दोनच उरले होते. वडिलांनी मला विचारले. गटार वसंतात केले तरी चालेल, एका हिवाळ्याने फार बिघडणार नाही, असे मी सांगितले. माझी जागा सपाट आणि रेताड आहे. चिकणमातीतल्या कटिंगचा अनुभव मला नव्हता आणि तो नसल्याचे मी त्यांना सांगायला हवे होते. आजोबांनी एकदा विरोध केला, मग ‘तुमचं घर, तुम्ही ठरवा’ म्हणून ते गप्प झाले. रूळ टाकले गेले.

५ ऑक्टोबर २०१७, कोजागिरी. अंगणात आटीव दूध, कुर्डुवाडीच्या पाटीवर छोटा दिवा, आणि दोन डब्यांची गाडी आजोबांच्या हिरव्या रुमालावर सुटली. तो प्रसंग मी पाहिला आहे आणि तारखेचा हट्ट चुकीचा होता, असे म्हणताना तो मला आठवतो.

पहिला हिवाळा

डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या वर्षी कडक थंडी टिकून राहिली. कटिंगमध्ये मुरलेले पाणी गोठले. चिकणमातीत असे होताना नुसते साचलेल्या पाण्याचेच बर्फ होत नाही. गोठणारा थर खालच्या ओलसर मातीतून आणखी पाणी वर खेचतो, बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात आणि वरची जमीन उचलली जाते, तीही सगळीकडे सारखी नाही. कटिंगच्या सहा मीटरांत दोन ठिकाणी मार्ग अनुक्रमे ३१ आणि २४ मिलिमीटर वर आला. भरावाची बाजू तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलली नाही.

मार्चमध्ये एकामागून एक चार नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येचा वारा घेऊन येणारी किनारी, वादळे आली. उतारावरच्या पाण्याने कटिंगमधली चार मीटर खडी वाहून नेली आणि स्लीपर उघडे पडले. रुळांवर काळपट थर चढला होता, सरकते जोड सैल झाले होते आणि वीज अर्ध्या वर्तुळापलीकडे पोहोचत नव्हती. गाडी दर दोन फुटांवर अडू लागल्यावर मुलाने तिच्यातला रस सोडला. एप्रिलच्या वहीत त्याच्या नावासमोर तीन आठवडे काहीच लिहिलेले नाही.

वडिलांनी ही गोष्ट आजोबांना सांगायला दहा दिवस लावले. अखेर मुलीनेच व्हिडिओ कॉल लावला. लाटण्याचा आवाज फोनवरून नीट ऐकू येईना, तेव्हा आजोबांनी तिला सांगितले, ‘मला ऐकवू नकोस, तूच ऐक आणि नुसतं भरीव की पोकळ ते लिही.’ तिने कटिंगमधले १३२ स्लीपर ठोकले. त्यांतले ८७ पोकळ निघाले. पुढची सगळी दुरुस्ती या यादीवरून आखली गेली.

दुरुस्तीचा निर्णय

या टप्प्यावर काम बंद करण्याचा पर्यायही खरोखर विचारात होता. आईचे म्हणणे असे की, आजोबा इथे नसताना हा प्रकल्प फक्त वडिलांचा होऊन बसेल आणि मुले प्रेक्षक होतील. दुसरा पर्याय तीन फूट खोल काँक्रीटच्या खांबांवर मार्ग बसवण्याचा. तो टिकाऊ, पण खर्चिक होता आणि पुढे मार्ग बदलायचा झाल्यास अडचणीचा. तिसरा पर्याय होता मार्ग खडीवर तरंगताच ठेवून पाण्याची वाट करणे आणि उरलेले थोडे उचलणे दर वर्षी पॅकिंगने भरून काढणे. खऱ्या रेल्वेतही खडीवरचा मार्ग हा असाच, सतत हाताखालून घालावा लागणारा असतो, हे आजोबांचे म्हणणे या वेळी सर्वांनी ऐकले. मीही याच बाजूने मत दिले.

आईच्या आक्षेपाला उत्तर म्हणून एक नियम केला गेला. मुलगी सांगेल त्या क्रमाने काम होईल, आणि मुलाला गाडी चालवताना थांबावे लागणार नाही, ही सोय आधी होईल. त्यामुळे खोदाईच्या आधी इंजिनात बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर बसवला. कागदावर हा क्रम उलटा वाटतो, कारण नादुरुस्त मार्गावर नवे इंजिन चालवण्यात अर्थ नव्हता. पण भरावाच्या चौदा मीटरांवर गाडी पुढे-मागे नीट जाऊ लागली आणि मुलगा परत आला.

मे आणि जूनमध्ये कटिंगच्या वरच्या कडेला ४५ सेंटिमीटर खोल आणि २५ सेंटिमीटर रुंद चर खणला. त्यात गाळणारे कापड, धुतलेली खडी आणि चार इंची छिद्रांचा पाइप टाकून त्याचे तोंड अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याकडे पाणी जाणार नाही अशा जागी काढले. कटिंगमधली कच पूर्ण काढून नव्याने बारा सेंटिमीटर जाडीची बैठक केली. बॅटरीमुळे रुळांतून वीज नेण्याची गरज उरली नाही आणि पितळ घासून चकचकीत ठेवण्याचे काम कायमचे गेले.

लागवडीतही बदल झाला. आजीने पहिल्या वर्षी झेंडू लावला होता. त्याचे एकेक फूल स्टेशनाच्या छपराएवढे दिसे. आता जमिनीलगत पसरणारा थाइम, सेडम आणि खुज्या जातीचे स्प्रूस लावले. तुळस मात्र स्टेशनामागे कुंडीत राहते आणि ऑक्टोबरमध्ये घरात येते.

फलित

मूळ अंदाज १,८०० डॉलरचा होता. पहिल्या वर्षी २,६५० आणि दुरुस्तीला १,१४० डॉलर लागले. गटार वेळेत झाले असते, तर कच, खडी आणि जोड दुसऱ्यांदा घ्यावे लागले नसते. वहीतल्या हिशेबाप्रमाणे ही रक्कम साधारण ४०० डॉलर होते. बॅटरीचा खर्च यात धरलेला नाही, कारण तो पुढेमागे झालाच असता.

पुढच्या हिवाळ्यात कटिंगमध्ये सर्वांत जास्त उचलणे नऊ मिलिमीटर झाले आणि मार्चमध्ये एका दुपारच्या पॅकिंगने ते बसले. २०१९ च्या उन्हाळ्यात आजी-आजोबा पुन्हा आले. आजोबांनी पहिल्या दिवशी गाडी पाहिली नाही. लाटणे मागितले आणि कटिंगपाशी बसले. मग नातीने तेरा-चौदा स्लीपर ठोकून दाखवले आणि एका ठिकाणी, त्यांनी काही म्हणायच्या आधी, खडूची खूण केली.

वेगळे काय करता आले असते

कोजागिरीची तारीख सोडायला नको होती, असे मी अजूनही म्हणेन. पण तिच्यासाठी पूर्ण वर्तुळ लागत नव्हते. भरावाच्या बाजूचा पुढे-मागे जाणारा सरळ मार्ग तेवढा पुरा करून त्या रात्री गाडी सोडता आली असती आणि कटिंग वसंतासाठी ठेवता आले असते. तेव्हा हे कोणाला सुचले नाही, कारण आगगाडीचे वर्तुळ अर्धे असू शकते हे आमच्या कोणाच्या मनात नव्हते.

आजोबांचा आक्षेप वहीत लिहिलेला नाही, ही मला दुसरी मोठी उणीव वाटते. मोजमापांची नोंद होती, खर्चाची होती, पण कोणी कशाला आणि का विरोध केला, याला रकाना नव्हता. तो असता तर ‘गप्प झाले’ याचा अर्थ ‘पटले’ असा धरला गेला नसता. दुसऱ्या वर्षी मुलीने तसा रकाना आखला आणि त्यात सर्वांत जास्त नोंदी सात वर्षांच्या, आता आठ वर्षांच्या झालेल्या, मुलाच्या आहेत.

विजेचा निर्णय गोष्टीच्या ओघात झाला, हेही टाळता आले असते. ज्या घरात लहान मूल गाडी चालवणार आहे आणि वरून पाने गळणार आहेत, तिथे बॅटरीचा पर्याय निदान मांडला जायला हवा होता. मांडूनही त्यांनी रुळांतली वीज निवडली असती, तर जोड पहिल्याच दिवशी स्क्रूने घट्ट आवळणारे घ्यायला हवे होते, सरकते नव्हे.

सल्ला देणाऱ्याने आपली जमीन कोणती आहे ते आधी सांगावे, हा धडा माझा स्वतःचा आहे. आता मला कोणी विचारले, तर मी प्रथम अंगणात फूटभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उरले ते कळवायला सांगतो.

कटिंगचा वायव्य कोपरा, जिथे पाइपाला पुरेसा उतार मिळाला नाही, अजूनही दर जानेवारीत सहा-सात मिलिमीटर वर येतो. तिथला पाइप पुन्हा खणून काढावा की दर मार्चला पॅकिंग करावे, यावर घरात दोन मते आहेत, आणि या वेळी दोन्ही वहीत लिहिलेली आहेत.